मिनीव्हॅनची निवड : सात माणसे, दोन कारसीट आणि मिनेसोटाचा हिवाळा

उत्तरवाट

नमस्कार. आम्ही मिनीआपोलिसजवळच्या एका उपनगरात राहतो. घरात आम्ही दोघे, सात वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचे जुळे मुलगे असे पाच जण असतो. सासू-सासरे मे महिन्यात पुण्याहून येतात आणि दसऱ्याच्या सुमारास परत जातात, त्यामुळे वर्षातले जवळजवळ पाच महिने आम्ही सात जण असतो. सध्या कुठेही एकत्र जायचे म्हटले की दोन गाड्या काढाव्या लागतात. आजी-आजोबा एका गाडीत, नातवंडे दुसऱ्या गाडीत, असा प्रवास संपूर्ण उन्हाळाभर चालतो आणि त्याचे सर्वांनाच वाईट वाटते.

म्हणून आता मिनीव्हॅन घ्यायची असे ठरले आहे. मोठ्या एसयूव्ही पाहून झाल्या. त्यांत तिसऱ्या रांगेत बसलेल्या मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात, शिवाय सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे त्यांना उंच पायरी चढवत नाही. टोयोटा सिएना, होंडा ओडिसी, किया कार्निव्हल आणि क्रायस्लर पॅसिफिका या चार गाड्यांमध्ये निवड करायची आहे. सर्व कर धरून ४५ ते ४८ हजार डॉलरपर्यंत जाण्याची तयारी आहे. वर्षाला साधारण १२ हजार मैल गाडी चालते. ज्यांनी यांपैकी एखादी गाडी काही वर्षे वापरली आहे त्यांनी अनुभव लिहावेत, विशेषतः घरात वडीलधारी माणसे आणि लहान मुले दोन्ही असताना काय सोयीचे ठरले ते.

लोखंडी_पूल

आमच्याकडे २०२२ सालची सिएना आहे आणि आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो, म्हणजे हिवाळा तुमच्यासारखाच. २०२१ च्या मॉडेलपासून सिएना केवळ हायब्रिड स्वरूपातच मिळते. अडीच लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि विजेच्या मोटारी मिळून २४५ अश्वशक्ती मिळते. भरलेल्या गाडीने महामार्गावर दुसरी गाडी ओलांडून जाताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण चारचाकी चालनाच्या (चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या) गाडीलाही सरकारी आकड्यानुसार गॅलनला ३५ मैल मिळतात आणि आमचा उन्हाळ्यातला अनुभव त्याच्या जवळपासचा आहे. कडाक्याच्या थंडीत तो आकडा बराच खाली येतो, कारण केबिन गरम ठेवण्यासाठी इंजिन वारंवार सुरू होते.

चारचाकी चालनाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण शोरूममध्ये ती कोणी समजावून सांगत नाही. या गाडीत पुढच्या इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लोखंडी दांडा नाही. मागच्या आसाला स्वतःची वेगळी विजेची मोटार आहे. त्यामुळे मधला भाग उंच करावा लागत नाही आणि सासूबाईंना लागणारी सपाट, ठेंगणी जमीन तशीच राहते.

वजाबाजू अशी की दुसऱ्या रांगेतली आसने मालकाने काढून ठेवावीत अशी रचनाच नाही. ती रुळांवर खूप मागेपुढे सरकतात, पण गाडीतच राहतात.

ढोलपथक_जर्सी

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या मुद्द्यामुळेच आम्ही सिएना सोडली. मी इथल्या एका ढोल-ताशा पथकात आहे आणि गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने दर शनिवार-रविवार सरावासाठी ढोल न्यावे लागतात. ढोल आडवा ठेवता येत नाही असे नाही, पण त्याच्या पानावर दुसऱ्या ढोलाचे ओझे आले की नुकसान होते, म्हणून ते उभे आणि एकमेकांना टेकून ठेवावे लागतात. त्यासाठी लांबच लांब सपाट जागा हवी. आमच्या ओडिसीत मधली आसने काढली आणि तिसरी रांग जमिनीत मुडपली की सगळे सामान एका फेरीत जाते. मात्र ही आसने चांगलीच जड आहेत. ती काढायला दोन माणसे लागतात आणि ठेवायला गॅरेजमध्ये कोरडी जागाही लागते.

तुम्हाला दर आठवड्याला असे काही न्यायचे नसेल तर केवळ या एका गुणासाठी गाडी निवडू नये, असे मला वाटते.

सीमोल्लंघन

उत्तरवाट ताई, मी लहान मुलांच्या कारसीट तपासण्याचे प्रशिक्षण घेतलेले आहे आणि आमच्या गावातल्या अग्निशमन केंद्रात महिन्यातून एकदा हे काम करते. तुमच्या प्रश्नात चार गाड्यांची नावे आहेत, पण माझ्या मते त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. कोण कुठे बसणार? एका कागदावर सात चौकोन काढा आणि प्रत्येक चौकोनात नाव लिहा. दोन्ही जुळे दुसऱ्या रांगेत बसवले तर उरलेल्या तिघांना तिसऱ्या रांगेत जावे लागेल, आणि त्यांत गुडघ्याचे दुखणे असलेल्या आजी असतील. कारसीट पक्की बांधलेली असताना अनेक गाड्यांत ते आसन पुढे कलंडवून वाट करता येत नाही, ही अडचण बहुतेकांना गाडी घरी आल्यावर कळते.

दीड वर्षाची मुले अजून पाठमोरी, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून, बसायला हवीत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ पासूनची शिफारस अशी आहे की कारसीटची उंची-वजनाची मर्यादा येईपर्यंत मुलाला पाठमोरेच बसवावे, केवळ दोन वर्षे पूर्ण झाली म्हणून वळवू नये. म्हणजे तुमची आणखी दीड-दोन वर्षे याच मांडणीत जाणार आहेत.

कारसीट बांधण्याचे दोन मार्ग असतात : आसनाच्या खाचेतले लॅचचे हुक किंवा गाडीचा नेहमीचा पट्टा. नीट घट्ट बांधले तर दोन्ही सारखेच सुरक्षित आहेत. मात्र दोन्ही एकाच वेळी वापरू नयेत, कारसीट बनवणाऱ्याने तसे स्पष्ट सांगितले असेल तरच. लॅचच्या खालच्या हुकांना मर्यादा असते. मूल आणि कारसीट यांचे मिळून वजन ६५ पौंडांच्या वर गेले की गाडीचा पट्टा वापरायचा. मुले समोर तोंड करून बसू लागली की कारसीटच्या माथ्यावरून मागे जाणारा टेदरचा पट्टा कोणत्याही पद्धतीत बांधायचाच. तो न बांधलेल्या कारसीट मी इतक्या वेळा पाहते की हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

तिसऱ्या रांगेतल्या कोणत्या जागेला हुक आहेत हे प्रत्येक गाडीत वेगवेगळे असते. त्यामुळे शोरूममध्ये जाताना स्वतःच्या दोन्ही कारसीट आणि मुलीचे बूस्टर (पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारे आसन) घेऊन जा आणि तिथेच बांधून पाहा. तिसऱ्या रांगेचे आसन आखूड असेल तर कारसीटचा तळ त्यावर पुरेसा टेकतो का, हेही तेव्हाच कळेल. विक्रेता घाई करू लागला तर दुसऱ्या दिवशी या, पण हे केल्याशिवाय सही करू नका.

उत्तरवाट

सीमोल्लंघन ताई, तुमचे फार आभार. काल रात्री आम्ही सर्वांनी बसून सात चौकोन काढले. सासऱ्यांची उंची सहा फूट आहे आणि त्यांची कंबर दुखते, म्हणून ते पुढे बसतील आणि हे गाडी चालवतील. दुसऱ्या रांगेत सासूबाई आणि एक मुलगा. तिसऱ्या रांगेत मी, मुलगी आणि दुसरा मुलगा. म्हणजे तिसऱ्या रांगेत सर्वांत जास्त वेळा चढणारी व्यक्ती मी असणार आहे आणि प्रत्येक वेळी माझ्या कडेवर पंचवीस पौंडांचे मूल असणार आहे. हे कागदावर येईपर्यंत आमच्या लक्षातच आले नव्हते; आम्ही केवळ सासूबाईंच्या पायरीचा विचार करत होतो. त्या परत गेल्या की दोन्ही मुले दुसऱ्या रांगेत येतील, म्हणजे वर्षातून दोनदा सगळी मांडणी बदलावी लागेल.

कोरडा_बर्फ

तुमच्या पहिल्या संदेशातली एक गोष्ट इतरांच्या नजरेतून सुटली आहे असे वाटते. सासू-सासरे मे ते ऑक्टोबर असतात. म्हणजे ज्या महिन्यांत बर्फ असतो त्या महिन्यांत तुमच्या गाडीत पाचच माणसे असणार, आणि सात माणसे असतील तेव्हा रस्ते कोरडे असणार. एकच गाडी दोन वेगळ्या कामांसाठी घेतली जात आहे, म्हणून दोन्ही कामांचा विचार स्वतंत्रपणे करावा.

बर्फाचे म्हणाल तर मी सतरा वर्षे उत्तर मिनेसोटातल्या डुलुथला राहतो आणि माझे मत ठाम आहे. चारचाकी चालन गाडीला जागेवरून निघायला आणि चढ चढायला मदत करते. थांबायला ते काहीही मदत करत नाही. थांबणे आणि वळणे हे टायरवर अवलंबून असते. बारमाही टायरचे रबर तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊ लागते, हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. माझ्या आधीच्या गाडीला पुढच्या चाकांचे चालन होते आणि तिला हिवाळी टायर लावून मी सगळे हिवाळे काढले. चारचाकी चालनाच्या पण बारमाही टायर असलेल्या कितीतरी गाड्या मी चौकात सरळ पुढे घसरताना पाहिल्या आहेत. तुमच्या घरासमोर तीव्र उतार नसेल तर चारचाकी चालन नाही म्हणून ओडिसी किंवा कार्निव्हल यादीतून काढू नका. या दोन गाड्या केवळ पुढच्या चाकांच्या चालनात येतात, पण हिवाळी टायरचा एक संच वेगळ्या चाकांवर चढवून ठेवला तर ऑक्टोबरच्या शेवटी बदलण्याचे काम तासाभरात होते.

विंडसरकर

पॅसिफिकाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मिनीव्हॅन हा प्रकारच अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने रूढ केला. १९८४ च्या मॉडेलची डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या गाड्या १९८३ च्या अखेरीस कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. आजही पॅसिफिका तिथेच तयार होते. पुढच्या चाकांचे चालन, सपाट जमीन, गॅरेजमध्ये मावेल इतकी उंची आणि सरकते दार ही रचना पुढे बहुतेकांनी उचलली आहे.

या गाडीचा खरा गुण म्हणजे दुसऱ्या रांगेची आसने उचलून बाहेर न काढता गाडीच्या जमिनीतल्या खड्ड्यात मुडपता येतात. ढोल नेणाऱ्यांनी तर ही गाडी आधी पाहायला हवी. पण या मुडपण्यासाठी आसने पातळ ठेवावी लागली आहेत, आणि लांबच्या प्रवासात मोठ्या माणसाला ते जाणवते. तुमच्या सासूबाई त्याच रांगेत बसणार असतील तर त्यांना तिथे किमान अर्धा तास बसवून पाहा. बाहेरून विजेवर चार्ज होणाऱ्या हायब्रिड पॅसिफिकात बॅटरी त्याच खड्ड्यांच्या जागेवर आहे, त्यामुळे तिची मधली आसने जमिनीत जात नाहीत, उचलून काढावी लागतात. वापरलेली पॅसिफिका घेणार असाल तर हा फरक लक्षात ठेवा. आणि कोणतीही वापरलेली गाडी घेताना तिचा सतरा अक्षरांचा क्रमांक राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉलचे (कंपनीने दोषामुळे गाड्या परत बोलावून करायच्या दुरुस्तीचे) काम बाकी आहे का ते पाहा. हे विनामूल्य आहे.

सांजपणती

आम्ही २०२५ ची कार्निव्हल हायब्रिड घेतली. १.६ लिटरचे टर्बो इंजिन आणि मोटार, सरकारी आकड्यानुसार गॅलनला ३३ मैल. सर्व आसने वर असतानाही तिसऱ्या रांगेच्या मागे ४० घनफूट जागा उरते, ती या चौघींत सर्वांत जास्त आहे. आमचे आई-बाबा येतात तेव्हा विमानतळावरून चार मोठ्या बॅगा आणि माणसे एकाच गाडीत येतात. इंजिन आणि गिअरची हमी १० वर्षे किंवा १ लाख मैल आहे.

लोखंडी_पूल

इंधनाचा हिशेब कोणी मांडला नाही, तो मांडतो. वर्षाला १२ हजार मैल धरा. ओडिसीत साडेतीन लिटरचे व्ही-६ इंजिन आहे, २८० अश्वशक्ती. सरासरी गॅलनला २२ मैल. म्हणजे वर्षाला सुमारे ५४५ गॅलन. चारचाकी चालनाची सिएना ३५ मैलांनी सुमारे ३४३ गॅलन. फरक दोनशे गॅलनचा. गॅलनला सव्वातीन डॉलर धरले तर वर्षाला साडेसहाशे डॉलरच्या आसपास आणि दहा वर्षांत साडेसहा हजार. ओडिसीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) आहे, तो १ लाख मैलांच्या सुमारास बदलावा लागतो आणि ते काम स्वस्त नाही. मी सिएनाचा मालक असल्यामुळे माझा कल त्या बाजूला असणार हे मान्य आहे, पण आकडे हे आहेत.

माळरान

सुरक्षिततेचा विषय पूर्ण होण्यासाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आय.आय.एच.एस. या संस्थेने २०२३ मध्ये समोरासमोरच्या धडकेच्या चाचणीत दुसऱ्या रांगेतल्या प्रवाशाला कितपत संरक्षण मिळते हे तपासले. चाचणीतली बाहुली लहान चणीच्या स्त्रीएवढी किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढी असते. तेव्हा बाजारात असलेल्या चारही मिनीव्हॅनपैकी एकीलाही त्यात 'चांगली' किंवा 'स्वीकारार्ह' श्रेणी मिळाली नाही. पुढच्या आसनांच्या पट्ट्यांत अनेक वर्षांपूर्वी सुधारणा झाल्या. धडकेच्या क्षणी पट्टा ताणला जातो आणि मग छातीवरचा जोर थोडा सोडला जातो. मागच्या रांगेत या सुधारणा उशिरा येत आहेत.

याचा अर्थ मिनीव्हॅन असुरक्षित आहेत असा नाही, आणि कारसीटमधल्या मुलांचा प्रश्नही वेगळा आहे, कारण त्यांचे संरक्षण कारसीट करते. पण तुमच्या मांडणीत दुसऱ्या रांगेत नेमक्या सासूबाई बसणार आहेत. म्हणून तुम्ही जे मॉडेल घ्याल त्याच वर्षाची श्रेणी पाहा. जुन्या वर्षाची पाहून निर्णय करू नका. दुसरे असे की आपल्याकडची वडीलधारी माणसे खांद्यावरचा पट्टा टोचतो म्हणून काखेखालून घेतात. माझे वडील दोन वर्षे तसेच करत होते आणि मला माहीतही नव्हते. पट्ट्याचा वरचा टोकाचा भाग खाली-वर करता येतो का ते पाहा आणि त्यांना तो नीट बसवून द्या.

नवी_चावी

किमतीबद्दल थोडक्यात लिहिते. आम्ही एका डीलरकडे गेलो तेव्हा काचेवरच्या छापील किमतीवर त्यांनी आणखी अडीच हजार डॉलर बाजारभावाच्या नावाने आणि नऊशे डॉलर रंगाच्या लेपाचे लावले होते. आम्ही तिथून निघालो आणि तीनशे मैलांच्या परिघातल्या सात डीलरना ईमेल केले की कर, नोंदणी आणि सर्व शुल्क धरून अंतिम रक्कम लेखी कळवावी. पाच जणांनी उत्तर दिले आणि त्यांच्या रकमांत मोठा फरक होता. मासिक हप्त्यावर बोलणी करू नका, एकूण रकमेवर करा. आणि सुटे चाक आहे का हे विचारून घ्या. आजकाल अनेक गाड्यांत केवळ हवा भरण्याचा संच देतात, आणि रात्री दोन लहान मुले घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागले की त्याची किंमत कळते.

उत्तरवाट

गेले दोन आठवडे शोरूम पाहण्यात गेले, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला. सर्व सात जण, दोन कारसीट आणि बूस्टर घेऊन आम्ही चारही गाड्या पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी सासूबाई तीन वेळा चढल्या-उतरल्या आणि मी मुलाला कडेवर घेऊन तिसऱ्या रांगेत गेले.

पॅसिफिकाचे मधले आसन सासूबाईंना वीस मिनिटांत नकोसे झाले, विंडसरकरांनी लिहिले तसेच. कार्निव्हल सर्वांना आवडली, पण आम्हाला हवा तो प्रकार अंदाजपत्रकात बसत नव्हता. सिएनात सासूबाई सर्वांत समाधानी होत्या. आसन मागे सरकवून त्यांनी पाय लांब केले आणि आता इथेच राहते म्हणाल्या. अडले ते माझ्यामुळे. त्यांचे आसन सोयीचे होईल इतके मागे घेतले की दोन आसनांमधल्या बोळातून मूल घेऊन जाताना माझा तोल जात होता, आणि एकदा तर त्याचे डोके छताला लागता लागता राहिले.

ओडिसीत मधले छोटे आसन काढून टाकले आणि मुलाचे आसन कारसीटसकट आडवे सरकवून सासूबाईंच्या बाजूला नेले, तेव्हा दाराजवळ इतकी जागा मोकळी झाली की मी मुलाला घेऊन सरळ पुढे तोंड करून आत गेले. शिवाय त्यामुळे आजी आणि नातू अगदी शेजारी आले आणि तो रडायला लागला की त्यांना हात पुरतो. हिवाळ्यात दोन्ही मुले दुसऱ्या रांगेत आली की आसने परत लांब करायची, म्हणजे एकाचे खेळणे दुसऱ्याला ओढता येणार नाही. सीमोल्लंघन ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही मांडण्या आम्ही शोरूममध्येच बांधून पाहिल्या. तिसऱ्या रांगेतली कारसीट आम्ही गाडीच्या पट्ट्याने बांधली, आणि ती इंचभरही हलत नव्हती.

लोखंडी_पूल यांचा हिशेब आम्ही पुन्हा मांडला. वर्षाला साडेसहाशे डॉलर जास्त जातील हे खरे आहे आणि बेल्टचा खर्चही पुढे येईल. तरीही आजची गरज पुढच्या दोन-अडीच वर्षांची आहे आणि ती याच गाडीने भागते, म्हणून ओडिसी घेतली. किंमत सहा डीलरकडून लेखी मागवली आणि छापील किमतीपेक्षा थोडी कमीच पडली.

कोरडा_बर्फ, हिवाळी टायर वेगळ्या चाकांवर घ्यायचे ठरले आहे. मूळ चाके १८ किंवा १९ इंचांची असताना हिवाळ्यासाठी लहान मापाची घेतली तर चालतात का?

कोरडा_बर्फ

अभिनंदन. एक माप लहान घेतले तर टायर स्वस्त पडतो आणि त्याची कड उंच असल्यामुळे खड्ड्यांतही बरा, पण आतल्या ब्रेकला चाक घासता कामा नये आणि टायरचा बाहेरचा एकूण व्यास मूळ टायरएवढाच राहायला हवा, नाहीतर वेगाचा काटा चुकतो. भार पेलण्याचा आकडाही मूळ टायरपेक्षा कमी नको. तुमच्या गाडीचा नेमका प्रकार सांगून दुकानदाराकडून माप पक्के करून घ्या. चाकांत हवेच्या दाबाचे सेन्सर लागतात का हेही त्याच वेळी विचारा. ऑगस्टअखेर मागणी नोंदवा. पहिला बर्फ पडला की इथल्या सर्व दुकानांत रांगा लागतात आणि हवे ते माप मिळत नाही.

उत्तरवाट

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याची नोंद आजच दिनदर्शिकेत करून ठेवली. शनिवारी सर्व जण पहिल्यांदा एका गाडीतून डुलुथला येत आहोत. सासऱ्यांना सुपीरियर सरोवरातून येणारी मालवाहू जहाजे उचलपुलाखालून जाताना पाहायची आहेत. परतल्यावर गाडीने किती मायलेज दिले ते इथे लिहीन.